डेन्व्हरला बर्फ, कर्णिक मफलरमध्ये

इरा आणि नील,

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, की मे महिन्यात डेन्व्हरला बर्फ पडणार हे सिंगापूरला बसलेल्या आजीला कसं कळलं. आईने माळ्यावर टाकलेले तुमचे बर्फाचे बूट मी खाली काढायला लावले, तेव्हा तुम्ही हसला होतात. दोन दिवसांनी तेच घालून शाळेत गेलात. यात माझी हुशारी काही नव्हती. ती आमच्या शेजारच्या कर्णिकांची. आता तुम्हाला सुट्टी आहे, तेव्हा नीट क्रमाने सांगते.

कर्णिक राहतात सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये, पण हवा पाळतात डेन्व्हरची. त्यांचा मुलगा समीर तुमच्याच गावात असतो. तिकडे पारा उतरला की इकडे बत्तीस डिग्रीत कर्णिक गळ्याला मफलर गुंडाळून कॉफी प्यायला खाली उतरतात. लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या मिसेस टॅन विचारतात, "अंकल, यू सिक आह?"

"नो, नो. कोल्ड फ्रंट," कर्णिक घाम पुसत सांगतात.

फ्रंट म्हणजे थंड हवेची लाट. "फ्रंट निघाला" हे त्यांचं आवडतं वाक्य. सांगताना चेहरा असा फुलतो, जणू घरी पाहुणे यायचे आहेत.

मार्चमध्ये एकदा ते दारोदार सांगत फिरले, "चार वाजता वादळ. सोसाट्याचा वारा." मी आणि मिसेस टॅन, दोघींनी खिडकीबाहेरचे बांबू ओल्या कपड्यांसकट आत ओढले. चार वाजता रखरखीत ऊन. मी जाब विचारला, तर म्हणाले, "अहो वहिनी, डेन्व्हरचे चार."

तेव्हापासून मिसेस टॅन आधी विचारतात, "विच फोर, अंकल?"

मग मे महिन्यात कर्णिकांनी पुन्हा "फ्रंट निघाला" सांगितलं, मी तुमचे बूट काढायला लावले आणि दोन दिवसांनी तुमचा तो बर्फ आला. झाडं मोडली, तुमच्याकडची वीजही गेली. त्या सकाळी कर्णिक माझ्या दारात उभे. मफलर होता, पण चेहरा फुललेला नव्हता.

"वहिनी, जरा येऊन बसता का? समीर फोन उचलत नाहीये."

मी उपम्याची बशी झाकून बरोबर घेतली आणि गेले. त्यांनी उपम्याला हात लावला नाही.

"एरवी रोज बोलता ना त्याच्याशी?" मी विचारलं.

"छे. हवा बिघडली की करतो फोन. नोकरीचं विचारलं तर त्याला चौकशी वाटते, लग्नाचं काढलं तर तो फोन ठेवतो. बर्फाबद्दल मात्र दहा मिनिटं बोलतो."

"आणि हवा चांगली असली की?"

"तेव्हा काय सांगून फोन करायचा?" ते म्हणाले. "हा या मोसमातला शेवटचा फ्रंट. आता पार सप्टेंबरपर्यंत हवा चांगलीच राहणार." हे त्यांनी वाईट बातमी सांगावी अशा आवाजात सांगितलं.

नऊच्या सुमाराला फोन वाजला. कर्णिकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू असतो.

"बाबा, वीज नव्हती, फोन बंद पडला होता. मी ठीक आहे."

"किती पडला?"

"आठ इंच."

"ओला की भुसभुशीत?"

"ओला."

कर्णिकांचे प्रश्न संपले. ते मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. आता फोन ठेवतील, असं मला वाटलं.

"तुमच्याकडे काय हवा?" समीरने विचारलं. हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं.

कर्णिकांनी बाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. मिसेस टॅनच्या चादरी बांबूवर कडक वाळल्या होत्या.

"इकडे फार वाईट," ते म्हणाले. "ढग भरून आलेत. वाराही सुटलाय."

"मग खिडक्या लावून घ्या. रविवारी फोन करतो, बघतो कसं आहे ते."

"कर. रविवारीसुद्धा जोर राहील म्हणतात."

मी उपम्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. या वेळी त्यांनी ती रिकामी केली.

त्याला दोन महिने झाले. डेन्व्हरला स्वच्छ ऊन आहे आणि कर्णिकांचा मफलर कपाटात आहे. समीरचा फोन दर रविवारी सकाळी नऊला अजून येतो.