नंबर एकशे आठचं नाणं

नागोजीनं ते नाणं स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर टाकलं आणि कान देऊन उभा राहिला. चांदीचं नाणं पडलं की त्याचा आवाज घरभर फिरतो. हे पडलं आणि जागच्या जागी गप्प झालं. त्यानं ते उचललं, पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. नागोजीच्या मस्तकाची शीर तटतटली.

"फसिवलं की रं मला," तो रिकाम्या घराला म्हणाला.

राग येणार नाही तर काय येईल? चौतीस वर्षं या माणसानं सरकारी बसमध्ये कंडक्टरकी केली. बेळगुंदी ते बेळगाव, रोज आठ फेऱ्या. खिशातून बाहेर यायच्या आत खोटं नाणं ओळखायचा. पंचवीस वर्षांपूर्वी गावातल्या मष्णूनं पाच रुपयांचं खोटं नाणं पुढं केलं, तर नागोजीनं घंटी मारून त्याला भर उन्हात कांद्याच्या पोत्यासकट निम्म्या वाटेत उतरवलं होतं. आता मष्णूचं गावात किराणा दुकान आहे, पण ते पोतं त्याच्या डोक्यावरून अजून उतरलेलं नाही. आणि असा हा नागोजी टीव्हीपुढं बसला आणि गळाला लागला.

त्या टीव्हीवाल्यांच्या तोंडाला कोण लागणार? जरीचा कोट घातलेला एक गडी रोज दुपारी ओरडायचा. गजलक्ष्मीचं अस्सल नाणं, साडेचौदा हजारांचं, आज फक्त चार हजार नऊशे नव्व्याण्णव. देशात एक हजार एकच नाणी, प्रत्येकावर वेगळा नंबर, आता अकरा शिल्लक, आता नऊ. एवढ्यावर नागोजी भुलला नसता. पण तो गडी म्हणाला, "हे नाणं सगळ्यांसाठी नाही. ज्याला खऱ्याची पारख आहे त्याच्यासाठीच." हे वाक्य बरोबर वर्मी लागलं. बायको मालुबाई म्हशीच्या धारा काढायला गोठ्यात गेली होती, तेवढ्यात नागोजीनं फोन फिरवला.

कुरिअरवाला दारात आला तेव्हा पेटी फोडायच्या आधी त्यानं पैसे मोजून घेतले. जन्मभर लोकांना 'आधी पैसे, मग तिकीट' म्हणून दरडावलेल्या माणसाचाच नियम त्याच्यावर उलटला. मखमली पेटी होती, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र होतं, नाण्यावर नंबर होता एकशे आठ. नव्हती ती चांदी.

नागोजीनं कंपनीला फोन लावला. आधी मराठीत बोलला, मग हिंदीत, आणि शेवटी कन्नडमध्ये शिव्या घातल्या. तिन्ही भाषांना मधे एकच गाणं लागायचं. अखेर एक बाई गोड आवाजात म्हणाली, की प्रमाणपत्राच्या मागं बारीक अक्षरात 'चांदीसारखी झळाळी' असं छापलंय, सील फोडलंय, आणि देवाची वस्तू कंपनी परत घेत नाही. वर तिनं विचारलं, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? नागोजीनं जे दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पैसे गेले ते गेले. पण आता हे नाणं ठेवायचं कुठं? घरात ठेवावं तर मालुबाई. तिनं टीव्हीवरचं पोळ्या लाटायचं यंत्र नुसतं बघितलं, तेव्हा नागोजीनं तासभर भाषण दिलं होतं, की टीव्हीवरनं वस्तू घेणारा माणूस आणि गाढव यांत फक्त शेपटीचा फरक. ती बाई जन्मभर शेपूट शोधत बसली असती. उकिरड्यावर टाकावं तर वर लक्ष्मी बसलेली. तो बेळगावात शहापूरच्या एका सराफाकडं गेला. सराफानं नाणं कसावर घासलंसुद्धा नाही. लांबूनच बघितलं आणि हात जोडले. न घासता याला कसं कळलं, हे विचारायचं भान संतापलेल्या नागोजीला राहिलं नाही.

परत येताना बसमध्ये त्याला सुचलं. देवीचं देवीला देऊन टाकावं. भर दुपारी लक्ष्मीच्या देवळात चिटपाखरू नव्हतं. दानपेटीच्या फटीत नाणं जाईना, तेव्हा त्याला शिव्या देत, देवीची माफी मागत, तिरकं करून ते आत ढकललं. आता पेटी अवसेला उघडणार, आणि त्यातली खोटी नाणी निवडून काढायचं काम दरवेळी पंचांनी नागोजीवरच सोपवलेलं. म्हणजे आपणच टाकायचं, आपणच उचलून गुपचूप खिशात घालायचं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

अवस आली. देवळात सतरंजी अंथरली. पंचांचे अध्यक्ष जोतिबाआप्पा भिंतीला टेकून बसले, शेजारी मष्णू, आणखी तिघं पंच आणि नागोजी. पेटीचं कुलूप निघालं, पण पेटी जड म्हणून निम्मीच ओतली. नागोजीचा हात पुढं झाला आणि त्याच्या आधी मष्णूचा झाला.

"आप्पा, लक्ष्मी पावली. हे बगा, चांदीचं हाय."

आप्पांनी नाणं कपाळाला लावलं. देवीच्या मुकुटासाठी चांदी जमवायचं काम चाललंच होतं. ते म्हणाले, नागोजी, तेवढं वाजवून सांग, म्हणजे मुकुटात घालायला देतो.

आली का पंचाईत! चांदी म्हणावं, तर देवीच्या डोक्यावर लोखंड जाणार आणि चौतीस वर्षांची जीभ खोटी होणार. खोटं म्हणावं, तर शोध सुरू होणार. नागोजीनं नाणं फरशीवर टाकलं. ते गप्प झालं.

"खोटं हाय," तो म्हणाला. नाण्याच्या बाबतीत त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

मष्णू ताडकन उठला. देवीला फसवणारा हा कोण नरपशू, त्याला शोधलंच पाहिजे. नाण्यावर नंबर आहे, कंपनीला विचारू. नाहीतर देवीच्या हळदीचा भंडारा मधे ठेवा, एकेकानं उचलून शपथ घ्या, आधी पंचांनी, मग गावानं. तो एवढा तापला की त्याची टोपी खाली पडली. आप्पांनी नाइलाजानं भंडाऱ्याचं ताट मधे सरकवलं. खोटा भंडारा उचलायची नागोजीच्या बापजाद्यांत कुणाची छाती झाली नव्हती.

"ऱ्हाऊ दे ते ताट," तो म्हणाला. "नाणं माझं हाय. टीव्हीवरनं घेतलं. फसलो."

मग मष्णूचा चेहरा उजळत गेला. पंचवीस वर्षं हा माणूस या घटकेची वाट बघत होता.

"एका खोट्या नाण्यापायी भर उन्हात उतरिवलंतास मला, कंडक्टर. पोतं हुतं डोक्यावर. आता तुला कोन उतरिवनार?"

नागोजी मान खाली घालून बसला. अंगाचा नुसता जाळ झाला होता. वाद वाढू नये म्हणून आप्पांनी उरलेली पेटी ओतायला सांगितली.

पेटी ओतली. चिल्लर खळखळली आणि तिच्यातून सहा नाणी एकामागून एक गप्पकन पडली. गजलक्ष्मी. नागोजीनं एक उचलून नंबर बघितला. एकशे आठ. दुसरं उचललं. एकशे आठ. सहाच्या सहा एकशे आठ. देशात एक हजार एक, प्रत्येकाचा वेगळा नंबर, आणि एका बेळगुंदीत सात एकशे आठ! आई-बापानं काय शिकवलं होतं रे तुम्हाला, कोटवाल्यांनो?

नागोजीनं मान वर केली. तिघं पंच छताकडं बघत होते. आप्पा चष्मा पुसत होते. मष्णू टोपी शोधत होता, आणि ती त्याच्या पायाशीच होती.

"घ्या की आता भंडारा," नागोजी म्हणाला. "मष्णू, तू बोललास न्हवं? तू पयला."

"भंडाऱ्याचं आज ऱ्हाऊ दे," आप्पा घाईनं म्हणाले. "अवस हाय."

नागोजीच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण आप्पांनी पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला घेतलेला त्यानं बघितला, आणि राग या पाच जणांवरून उठून पुन्हा त्या जरीच्या कोटावर जाऊन बसला. त्यानं आपलं नाणं खिशात घातलं.

"मी देवीकडं तोंड करून हुबा ऱ्हातो," तो म्हणाला. "ज्याचं त्यानं उचला. मला बगायचं न्हाय."

तो देवीसमोर उभा राहिला. पाठीमागं सतरंजी सळसळली, कुणाचा गुडघा वाजला, कुणीतरी खोकलं. वळून बघतो तर पाच नाणी गेली होती. मष्णूचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता आणि तो मोठ्यानं चिल्लर मोजत होता. एक नाणं तिथंच पडून राहिलं होतं. त्याला कुणीच हात लावेना. नागोजीनं पाचही तोंडं पुन्हा पुन्हा बघितली, पण ते त्यांच्यातल्या कुणाचंच नव्हतं. शेवटी त्यानं तेही खिशात टाकलं आणि चिडचिडत घरी आला.

मालुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"पेटी उघाडली व्हय?" तिनं विचारलं. "काय काय निगालं?"

टीव्ही बंद होता, पोळ्या लाटायचं यंत्र बघायलासुद्धा तिनं तो लावला नव्हता. परातीत तिचा हात एकाच जागी फिरत होता. नागोजीला एकदम आठवलं, की गेल्या महिन्यात दुधाचे पैसे मागितले तर तिनं, म्हैस आटलीया, म्हणून सांगितलं होतं. म्हैस तर रोज घागरभर दूध देत होती. त्याच्या तोंडात शेपटीचं भाषण तयारच होतं. त्यानं ते गिळलं, खिशात हात घातला आणि दोन्ही नाणी परातीशेजारी ठेवली.

मालुबाईनं डोळे मिटले. मग एक उघडला.

"दोन कशी?"

"एक माजं हाय," नागोजी म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपून गेली तरी दोघांपैकी कुणी ती उलटली नाही.