जीपला नवं डोकं

सासऱ्यांची जीप जावयाने अगदी व्यवस्थित दुरुस्त करून आणली, आणि त्याबद्दल सासरे त्याच्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. पण ते सध्या विसरून जाऊ. सध्या जीप दारात उभी आहे, तिला काहीही झालेलं नाही, सासरे जुन्या ऑफिसच्या मित्रांबरोबर तीन दिवसांच्या सहलीला निघालेत आणि जावयाच्या हातात किल्ली आहे.

ही किल्ली हातात यायला चार वर्षं लागली होती. मुलगी द्यायला सासऱ्यांनी फारसे आढेवेढे घेतले नव्हते, पण जीपच्या बाबतीत त्यांना घाई नव्हती. नोंदी खात्याच्या प्रमुखपदावरून निवृत्त झालेला माणूस. घरातला बल्ब बदलला तरी त्याच्या खोक्यावर तारीख टाकून सही करायचा.

"रोज पाच मिनिटं सुरू ठेवायची," त्यांनी निघताना बजावलं, "बॅटरी उतरते. गिअर टाकायचा नाही. आणि ह्या बटणाला हात लावायचा नाही. हे चारही चाकांना जोर द्यायचं आहे. चढावर, चिखलात लागतं. वेळ आली की दाबायचं."

अकरा वर्षांत ती वेळ आलेली नव्हती.

जावयाची अपेक्षा तशी लहानच होती. परत आल्यावर सासऱ्यांनी किल्ली मागू नये. "असू दे तुमच्याकडेच," एवढं म्हणावं. पहिल्या दिवशी तो पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून, फोटो काढून घेत असल्यासारखा जीपमध्ये बसला. दुसऱ्या दिवशी चौथ्या मिनिटाला त्याने बटण दाबलं.

काहीच झालं नाही. दिवा लागला नाही, आवाज आला नाही, चाकांना जोर चढल्याची कुठलीही खूण दिसली नाही. त्याने आणखी सात वेळा दाबून पाहिलं आणि मग त्याची खात्रीच पटली. अकरा वर्षं उत्तम चाललेलं बटण त्याने एका मिनिटात मोडलं होतं. अकरा वर्षं जे कोणी दाबलंच नाही ते चालत होतं कशावरून, हा प्रश्न शांत माणसाला पडतो. जावई शांत नव्हता.

त्याने बायकोला तिच्या ऑफिसात फोन लावला.

"दाबलंस कशाला?"

"ते होतं म्हणून."

बायको म्हणाली की संध्याकाळपर्यंत आपला लग्नाशी काही संबंध नाही, आणि तिने फोन ठेवला.

गॅरेजचा मेस्त्री हुशार होता, पण त्याला एक खोड होती. तो प्रत्येक गाडीला मालकाच्या नावाने ओळखायचा. जावई पोचला तेव्हा तो फोनवर कोणाला तरी सांगत होता की वकीलसाहेबांचं तेल गळतंय आणि मास्तरीणबाई ढकलल्याशिवाय सुरू होत नाहीत. जीप कोणाची, असं त्याने विचारलं. जावई म्हणाला, बाबांची. मेस्त्रीने खडूने काचेवर 'बाबा' असं लिहिलं आणि समजावून सांगितलं की चाकांना हुकूम सोडणारा एक डबा असतो, त्याला कंपनी काहीतरी लांबलचक म्हणते, आपण डोकं म्हणतो. बहुतेक तेच गेलं असणार. उघडून बघतो आणि फोन करतो.

"जपून उघडा," जावई म्हणाला. "बाबा फार जपतात."

तिथून तो सासुरवाडीला गेला. जीप धुवायला दिलीय, असं सासूबाईंना सांगितलं, फोन टेबलावर ठेवला आणि हातपाय धुवायला आत गेला. माणसाने संकटात असताना हातपाय घाण ठेवावेत, पण फोन सोडू नये, हे त्याला पुढच्या चार मिनिटांत कळलं.

फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. कोण बोलतंय हे विचारायची मेस्त्रीला सवय नव्हती.

"हां, ऐका. बाबांचं डोकं पूर्ण गेलंय. उघडून समोरच ठेवलंय. आतून पार हिरवं पडलंय. दुरुस्तीच्या नादी लागू नका, दुसरं बसवून टाकू. तासाभराचं काम आहे."

जावई टॉवेल घेऊन बाहेर आला तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता.

"सहलीला गेलेला माणूस," त्या म्हणाल्या, "त्याचं डोकं उघडून ठेवलंय म्हणे. कुठल्या हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटल नाही आई, गॅरेज."

"गॅरेजात?"

"मेस्त्री चांगला आहे."

हे वाक्य आपण का बोललो याचं उत्तर जावयाला आजतागायत सापडलेलं नाही. सासूबाईंनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत भीती कमी आणि विचार जास्त होता.

"दुसरं बसवणार म्हणजे," त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "जरा ऐकून घेणारं मिळतं का?"

मग मात्र जावयाने सगळं सांगून टाकलं. बटण, आठ वेळा दाबणं, खडू, डबा, सगळं. सासूबाई आधी सुटल्यासारखा श्वास सोडून हसल्या, मग थोड्या हिरमुसल्या, आणि मग म्हणाल्या की त्यात तुमची काय चूक, ते बटण तर अकरा वर्षं बंदच आहे. ह्यांनीच सांगितलंय. पार्ट बाहेरून यायचाय. म्हणून तर माझ्या बहिणीकडे जाता येत नाही.

सासूबाईंची धाकटी बहीण डोंगरावर राहायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे सासऱ्यांच्या साडूंनी, निवृत्त झाल्यावर तिथे टुमदार घर बांधलं होतं. शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता कच्चा आणि उभा चढाचा. चारही चाकांनी जोर लावला तरच गाडी वर जाते. सासरे एकदाच गेले होते, जीप नवी असताना. परत आले आणि पुढच्याच आठवड्यात बटण बिघडलं.

"पार्ट बाहेरून यायचाय?" जावयाने विचारलं. "मेस्त्री तर तासाभरात बसवतो म्हणतोय."

सासूबाईंनी चपला घातल्या.

गॅरेजात मेस्त्रीने दोघांना तो डबा दाखवला. ड्रायव्हरच्या पायाशी, पत्र्यामागे तो बसवलेला होता. त्यात येणारी तारांची जुडी उपसलेली होती, ओल शिरून पिना शेवाळल्या होत्या.

"हे आपोआप निघत नाही," मेस्त्री म्हणाला. "कोणीतरी हाताने काढलंय. सोबत चिठ्ठीपण आहे."

चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून, तारांना बांधलेली होती. अक्षर वळणदार होतं. 'सदर जोडणी आज रोजी विलग केली. कारण : कौटुंबिक.' खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि पूर्ण सही. गुन्हा करताना माणूस पुरावा मागे ठेवत नाही, हे खरं. पण नोंद न करता एखादी गोष्ट करायची, हे सासऱ्यांच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. जावयाला वाटलं आता काही खरं नाही. पण त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की मेस्त्रीने त्यांना बसायला टायर दिला.

"हा पार्ट मिळतो का हो?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"मागच्या कपाटात तीन पडलेत."

बॅटरी सोडली, जुना डबा निघाला, नवा बसला. मग मेस्त्रीने लॅपटॉप जोडला, कारण जीपला नव्या डोक्याची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर ती त्याचं ऐकत नाही. गॅरेजमागे खडीचा मोठा ढीग होता. जावई स्टिअरिंगवर बसला, बटण सासूबाईंनी स्वतः दाबलं. हिरवा दिवा लागला आणि जीप खडीवर अशी चढली की मेस्त्रीने खालून टाळ्या वाजवल्या. "अजून एकदा," सासूबाई म्हणाल्या. अशा त्या पाच वेळा चढल्या. सहाव्या खेपेला वर थांबूनच त्यांनी बहिणीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे आले तेव्हा ओट्यावर दोन बॅगा भरून तयार होत्या. कुठे निघायचंय हे ऐकून त्यांनी अकरा वर्षांच्या सरावाने मान हलवली. जायची इच्छा खूप आहे हो, पण गाडी. सासूबाई म्हणाल्या, एकदा दाबून तर बघा. सासरे खिन्न चेहऱ्याने जीपमध्ये बसले, बटण दाबलं, आणि दिवा लागला.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. मग जावयाकडे. मग पुन्हा दिव्याकडे. जे काही सांगण्यासारखं होतं ते त्या चिठ्ठीत लिहून झालं होतं आणि चिठ्ठी सासूबाईंच्या पर्समध्ये होती.

जीप चढ लीलया चढली. साडू फाटकात उभे होते आणि त्यांच्या काखेत त्यांचं आत्मचरित्र होतं. मागच्या भेटीत ते सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवताना पान नव्वदवर थांबले होते, तेव्हा साडू इयत्ता तिसरीत होते. मधल्या काळात दुसरा खंड लिहून झाला होता. चार दिवसांच्या मुक्कामात साडू मॅट्रिकपर्यंत पोचले. उरलेल्यासाठी दर महिन्याचा दुसरा शनिवार ठरला. बहिणी मात्र चारही दिवस गच्चीवर बसून इतक्या हसत होत्या की खाली वाचनात व्यत्यय येत होता.

घरी आल्यावर सासऱ्यांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली. किल्लीच नसली तर जावं लागणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा. सासूबाईंनी लगेच दुसऱ्या शनिवारसाठी जावयाला ड्रायव्हर नेमलं. त्यानंतर नऊ दिवस सासऱ्यांनी मौन पाळलं. दहाव्या दिवशी जावयाच्या दारात बंद लिफाफा आला. आत आवक क्रमांकासाठी जागा सोडलेला, समास आखलेला अर्ज होता :

"प्रति, माननीय जावई यांस. विषय : वाहनाच्या डोक्याबाबत. महोदय, आपण केलेली दुरुस्ती समाधानकारक असून तीच अर्जदाराची मुख्य अडचण आहे. तरी सदर वाहनाचे नवे डोके काढून घेऊन जुने डोके आहे त्याच नादुरुस्त अवस्थेत, दुसऱ्या शनिवारपूर्वी, अर्जदाराच्या पत्नीस पूर्वसूचना न देता बसवून मिळावे, ही नम्र विनंती."

अर्जावर सासूबाईंचा शेरा आधीच पडलेला होता : 'नामंजूर. कारण : कौटुंबिक.'