मोरूच्या मुळ्याची अब्रू

"किडा डुकराचा आहे, काका," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मोरू ताडकन खुर्चीतून उठला.

"कोनाचा?"

"डुकराच्या मांसातून येणारा, फितीसारखा असतो तो. त्याच्या अंड्यातून झालेली गाठ मेंदूत बसलीय. म्हणून तर तुम्हाला फिट आली."

मोरू दिघाशीचा भाजीवाला, गळ्यात माळ घातलेला. गावातल्या हळदीला मटणाच्या पंगतीकडे पाठ करून वरणभात जेवणारा. घरात अंडं आलं तर बायकोला, ठकुबाईला, अंगणात वेगळी चूल मांडायला लावणारा. आणि त्याच्या डोक्यात डुकराचा किडा! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी कंदी अंड्याला बोट लावला न्हाय, आनि मना डुक्कर चिकटवताव? मशीन बदला तुमची!"

हे तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की बाहेर बाकावर गुडघा धरून बसलेली बायजाबाई आपला गुडघाच विसरली. बायजाबाईही दिघाशीचीच. मोरूची रिक्षा गावात शिरायच्या आत बातमी शिरली होती.

इकडे डॉक्टरीणबाईंनी मोरूला पुन्हा खाली बसवलं. "अहो, मांस खाल्लं दुसऱ्या कुणीतरी, अर्धकच्चं. किडा त्याच्या पोटात झाला. तो बसला नाल्याकाठी उघड्यावर, आणि अंडी पाण्यात गेली. तुम्ही मुळा कुठे धुता?"

"नाल्यावरच. बुचकळला की जुड्या कशा टवटवीत दिसतात. सगलेच धुतात तिथं."

"आणि कच्चा खाता?"

"रोज दोन. भाकरीबरोबर."

"मग तेच."

"म्हंजे खाल्ला त्यानं, घान केली त्यानं, आनि भोगायचा मी?"

"पूर्वी भोगावं लागायचं. आजार कळायचाच नाही, लोक अंगात आलं म्हणायचे. आता गोळ्यांनी गाठ सुकते. वेळेवर घ्या, आणि भाजी बोअरच्या पाण्याने धुवा."

मोरूने रागारागाने का होईना, गोळ्या वेळेवर घेतल्या. चार महिन्यांनी डोक्याच्या नव्या फोटोत गाठ सुकलेली दिसली. गावाला मात्र कुठलीच गोळी लागू पडेना. भजनात त्याच्या शेजारची सतरंजी मोकळी राहू लागली. चहाच्या टपरीवर कुणीतरी हळूच विचारायचं, "काय मोरू, चवीला कसा लागतो रं?"

शेवटी मोरू दवाखान्यात जाऊन बसला आणि चिठ्ठी घेतल्याशिवाय उठला नाही. चिठ्ठीत होतं, 'सदर रुग्णाचा आजार मांस खाल्ल्याने नव्हे, तर घाण पाण्यात धुतलेल्या कच्च्या भाजीमुळे झालेला असू शकतो.' मोरूने ती मोठी करून घेतली, प्लॅस्टिकमध्ये बसवली आणि भिवंडीच्या बाजारात आपल्या ठेल्यावर टांगली, बरोब्बर मुळ्याच्या ढिगावर.

"आवो, त्या मुल्यावर नका टांगू," ठकुबाई म्हणाली.

"का न्हाय? माझी अब्रू हाय ती!"

अब्रू खरोखरच परत आली. बायजाबाईने स्वतः येऊन कुणाकडून तरी चिठ्ठी वाचून घेतली आणि सगळ्या गावाला सांगितलं, मोरू निर्दोष आहे. भजनात सतरंजी भरली. फक्त बाजारात त्याच्या ठेल्यासमोर माणूस थांबेना. आठ दिवस मुळा परत घरी गेला आणि म्हशीला पडला. शेजारच्या ठेल्यावरच्या भाऊच्या जुड्या अजून त्याच नाल्यात बुचकळलेल्या, आणि त्या हातोहात खपत होत्या. हे बघून मोरूचा जीव नुसता जळत होता.

नवव्या दिवशी हबीबाभाभी आली. पॉवरलूमवाल्यांच्या घरातली, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिने जुडी उचलली, वर बघितलं, ओठ हलवत चिठ्ठी वाचली आणि जुडी खाली ठेवली.

"भाभी, आता बोअरचा पानी हाय! तीन येला धुतलाय!"

"हां मोरूभाऊ, पण लिखा तो है ना," असं म्हणत ती भाऊच्या ठेल्याकडे वळली.

मोरूला ते सहन झालं नाही. त्याला काय वाट्टेल ते म्हणावं, पण बोअरच्या पाण्यात तीन वेळा धुतलेल्या त्याच्या मुळ्याला भाऊच्या नाल्यात धुतलेल्या मुळ्यापुढे असं खाली ठेवायचं? त्याने चिठ्ठी ओरबाडून काढली.

"भाभी, थांबा! भाजीची काय बी चूक न्हाय. मीच खाल्ला व्हता!"

"क्या?"

"डुक्कर! ताटभर! अर्धकच्चा!"

आजूबाजूचे तराजू थांबले. ठकुबाईने कपाळावर हात मारला.

"तौबा, तौबा," म्हणत हबीबाभाभी दोन पावलं मागे सरली. मग तिने मुळ्याच्या ढिगाकडे बघितलं. "म्हणजे मूली एकदम ठीक आहे ना?"

"एक नंबर!"

"मग दे चार जुड्या." मोरूने जुड्या पुढे केल्या, तशी ती घाईने म्हणाली, "तू नको हात लावू. ठकुबाईला द्यायला सांग."