पट्टा म्हणतो, घरी जा

"राहतेस तिथला पत्ता दे, टपाल येतं तिथला नको," असं प्रात्यक्षिकाचा अर्ज भरून घेताना हल्व्हर्सनसरांनी बजावलं होतं. ब्रिटानं मान डोलावली आणि सवयीनं आईच्या घरचाच पत्ता देऊन टाकला. घर म्हणजे घर, त्यात काय एवढं.

मिनेसोटातल्या सरकारी विद्यापीठात ती तुरुंग-प्रशासन शिकत होती. तिची चार वर्षांची वेरा दोन तासांवरच्या गावी आजीकडे. प्रात्यक्षिकात नापास झालं तर आणखी एक सत्र वेराशिवाय काढायचं, या धास्तीनं ब्रिटा अभ्यासाला अशी जुंपली होती, की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर घरी फिरकलीच नव्हती.

प्रात्यक्षिक असं, की नजरकैदेतल्या माणसासारखा पायात ठावठिकाणा कळवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा घालून शनिवार-रविवार अर्जातल्या पत्त्यावर, घरात राहायचं. शनिवारी सकाळी ब्रिटा भाड्याच्या खोलीत शहाण्यासारखी पुस्तक घेऊन बसली, आणि पट्टा बोलला, "तुम्ही घराबाहेर आहात. घरी जा."

"घरीच आहे की रे बाबा," ब्रिटा पायाला म्हणाली.

पट्टा थरथरला. तिनं खुर्ची हलवली, पलंगावर चढून पाहिलं, शेवटी न्हाणीघरात टबात जाऊन बसली. "घरी जा." शेजारच्या भाडेकरूनं दाराला साखळी लावल्याचा आवाज आला.

तिनं देखरेख-कक्षाला फोन लावला. तिथं बसला होता कर्टिस, तिच्याच वर्गातला.

"अधिकारी कर्टिस बोलतोय."

"अरे, मी ब्रिटा. पत्त्याचा घोळ झालाय. बदल ना तेवढा."

"बाई, प्रत्येक कैदी हेच सांगतो."

"काल माझं निम्मं सँडविच खाल्लंस तू."

"लाच दिल्याचीही नोंद करू का?" मग त्याचा आवाज खाली आला. "माझेही गुण आहेत गं यात. दुपारपर्यंत घरी पोच, नाहीतर तू गेलीस."

ती बर्फातून गाडी हाकत होती आणि पट्टा वाटभर तिला रागवत होता. पेट्रोल पंपावर तो कडाडला, तेव्हा रांगेतल्या आजोबांनी अदबीनं तिला पुढे जाऊ दिलं. आईच्या उंबऱ्यावर पाय पडला आणि तो गप्प झाला.

"आई, हे काय?" वेरानं विचारलं.

"हे घातलं की घरी यावंच लागतं."

वेरा दोन्ही रात्री त्याच पायाला मिठी मारून झोपली. सोमवारी पहाटे कर्टिसनं कक्षात बसूनच पट्ट्याचं कुलूप उघडलं, आणि ब्रिटानं पट्टा काढून पिशवीत टाकला. एरवी रडत गाडीमागे धावणारी वेरा त्या दिवशी रडली नाही, तेव्हाच ब्रिटाला शंका यायला हवी होती.

वर्गात तिनं पिशवी उघडली. आत पट्ट्याऐवजी वेराचा लोकरी हातमोजा.

"पडद्यावर तर ही अजून घरीच दिसतेय, सर," कर्टिस म्हणाला. "वर्तणूक उत्तम."

ब्रिटानं आईला फोन लावला. "उशीखाली दडवलाय तिनं," आई म्हणाली. "काढू देत नाही. आईला पुन्हा घालायचाय म्हणते. आणि सकाळपासून खिडकीतून हलली नाहीये."

हल्व्हर्सनसर चष्मा पुसत राहिले. "पास आहेस. पण पट्टा विद्यापीठाचा आहे. स्वतः जाऊन घेऊन ये. आजच."

ती गाडीपर्यंत धावतच गेली. तुम्हीही हे वाचून झालं की घरी एक फोन करा, आणि खिडकीत कोण बसलंय तेवढं विचारा.