केरबातात्यांचं परीक्षण

केरबातात्या दूध संस्थेच्या सभेतून घरी आले आणि त्यांनी चपला दारातच भिरकावल्या. बयाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही त्यांनी तसाच मागे सारला.

"भर सभेत माझ्या दुधावर संशय घेतला त्या पोरीनं!"

"कुठल्या पोरीनं?"

"संयोगितानं! सेक्रेटरी झाली म्हंजे शिंगं फुटली काय? म्हंती, तात्या, आत्मपरीक्षण करा!"

घडलं होतं ते असं. सभेत तात्यांनी आधी चहात दूध कमी म्हणून, मग सतरंजी आखूड म्हणून आणि शेवटी चेअरमन हंबीरराव हळू बोलतात म्हणून आवाज चढवला होता. संयोगिता वैतागली आणि म्हणाली, सारख्या दुसऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा एकदा आत्मपरीक्षण करा. आता त्या गावात परीक्षण व्हायचं ते एकाच गोष्टीचं, दुधाचं. मशिनमध्ये दूध घातलं की फॅट किती, पाणी किती, सगळं बाहेर. तात्यांच्या म्हशीचं दूध तर घट्ट म्हणून मुरगूडपर्यंत नावाजलेलं. त्यात पाणी? तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उद्या साऱ्या गावाम्होरं परीक्षण करून घेतो," ते गरजले. "हलगी लावून दूध नेतो. आणि ऐक, कॅन काठोकाठ भरलेली दिसली पायजे. बोटभर जरी कमी असली तर माझ्याशी गाठ हाय!"

सकाळी म्हैस धारेला उभी राहिली आणि अंगणात हलगी कडाडली. म्हैस दावं तोडायलाच निघाली. तात्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते फेटा बांधत रस्त्यावरच्या माणसांना हाका मारत होते. थोड्या वेळानं बयाबाईंनी भरली कॅन उंबऱ्यावर आणून ठेवली आणि वरात निघाली.

संस्थेच्या दारात एवढी गर्दी बघून संयोगिता दचकलीच.

"तात्या, हे काय?"

"परीक्षण! कर माझ्या दुधाचं."

"अवो, मी दुधाचं कुठं म्हणाले? आत्मपरीक्षण म्हंजे आपणच आपल्या मनात डोकावून बघायचं."

"मनाला फॅट लागतंय व्हय?"

लोक हसले. संयोगिता गोरीमोरी झाली. "बरं, आत्मचिंतन म्हणा."

"चिंता मी का करू? मी काय चोरी केलीया?"

"तसं न्हवं तात्या. माणसानं जरा अंतर्मुख व्हावं..."

"म्हंजे तोंड आत घालू? तोंड गप कर म्हनत्यास व्हय मला?"

"जवळजवळ तेच," हंबीरराव हळूच म्हणाले. नेमकं तेवढंच सगळ्यांना ऐकू गेलं.

मग तात्या कुणाच्या बापाला ऐकतात! त्यांनी स्वतःच कॅनचं झाकण उघडलं. संयोगितानं नाइलाजानं मशिनमध्ये दूध घातलं, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला.

"तात्या... पाणी हाय."

"मशिन बिघडलंय तुझं!"

हंबीररावांनी मुकाट्यानं आपलं दूध पुढे केलं. ते चोख निघालं. मशिन ठणठणीत होतं. हलगी आपोआप थांबली. तात्यांचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला.

"कुनी घातलं पानी? कुनी माझी इज्जत घालवली?"

"म्या," बयाबाई गर्दीतून पुढे आल्या. "हलगीला भिऊन म्हशीनं पान्हा चोरला. निम्मी कॅनसुदिक भरंना. तुमीच म्हनलासा की काठोकाठ पायजे. मग काय करायचं होतं म्या?"

पाण्याचं दूध संस्थेत घ्यायचं नाही हा नियम. संयोगितानं झाकण लावून कॅन तात्यांच्या पायाशी परत ठेवली.

तात्यांनी मान खाली घातली, डोळे मिटले. हलगी कुणी लावली, कॅन काठोकाठ कुणी मागितली, एकेक गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे येत असावी. उभ्या जन्मात तात्या इतका वेळ गप्प बसलेले कुणी पाहिले नव्हते. संयोगिताचं मन भरून आलं.

"जाऊ दे तात्या," ती हळुवार म्हणाली. "चूक काय, सगळ्यांचीच होते."

तात्यांनी डोळे उघडले. कॅन उचलून खांद्यावर घेतली.

"व्हय पोरी," ते म्हणाले, "जनावर हाय, चुकलं बिचारं."