कोनलकाकांच्या बुटाखालची उशी

फेलिमने एकदा ठरवलं की ठरवलं. (त्याचं ठरवणं आणि घरात काहीतरी फुटणं यांत फारसं अंतर नसे.) या वेळी त्याने ठरवलं होतं, कोनलकाकांची अंगाई आपणच रेकॉर्ड करायची.

फेलिम हा फिडलवाल्या घराण्याचा जावई. फिडल म्हणजे व्हायोलिनच. पण आयर्लंडमधल्या डनिगॉलच्या त्या किनाऱ्यावर व्हायोलिन म्हटलं, की माणूस टाय लावून आलाय असं समजतात. बायको उना वाजवी, मेहुणी नेसा वाजवी, चुलतसासरे कोनलकाका तर वाजवता वाजवताच म्हातारे झालेले. फेलिमला मात्र टाळीसुद्धा वेळेवर वाजवता येत नसे. दोघी बहिणी लहान असताना काका त्यांना वाजवून झोपवायचे, ती अंगाई काकांखेरीज कुणालाच येत नव्हती. (उनाने शिकायचा प्रयत्न केला, पण निम्म्यातच तिचा डोळा लागे.) आता ऑस्ट्रेलियात नेसाला बाळ झालं होतं. आणि काका त्याच दुपारी लेकीकडे, कायमचे ग्लासगोला निघाले होते.

"नेसाला न सांगता पाठवायचंय," उनाने बजावलं. "एकदाच वाजवतील. घोळ घातलास तर याद राख."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर परवडलं असतं!"

फेलिम कामाला लागला. कोंबड्या हाकलल्या, घड्याळ गोधडीत गुंडाळलं, किटली उतरवली. फिडलवाल्याला चहा न देता वाजवायला बसवणं हा तिथे घोर अपमान, पण उनाने तोही चालवून घेतला. मग काकांनी गज उचलला आणि सवयीप्रमाणे बुटाने फरशीवर ठेका धरला. धप, धप.

"काका, पाय जरा शांत ठेवाल?"

"पाय शांत ठेवला तर हात कुणाला विचारून चालेल रे?"

शेवटी बुटाखाली उशी आली. तरी टेबल थरथरतंय अशी शंका आली, म्हणून फेलिमने रेकॉर्डर उचलून छातीशीच धरला.

"जावईबापू, यंत्राला झोपवताय की मला?" काका हसले, आणि वाजवू लागले.

ठेक्याचा धाक उरला नाही, तशी अंगाई सैल झाली. सूर चुलीतल्या धुरासारखे आढ्यापर्यंत जाऊन रेंगाळू लागले. समुद्रावरचं धुकं दारातून आत आलं असं फेलिमला वाटलं. मागोमाग टेकडीवरच्या मेंढ्या आल्या, पाय पुसून अदबीने भिंतीशी उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर किनारा सोडून हलकेच डुलत निघालं. कुणीतरी, बहुतेक समुद्रानेच, त्याच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. जन्मात पहिल्यांदा त्याला गाणं कळलं, आणि रडू यावं इतकं बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.

"काका?"

"गेले. तुझी झोपमोड नको म्हणून बूट हातात घेऊन गेले!" उनाने रेकॉर्डरचं बटण दाबलं. दूर कुठेतरी, टेकडीपलीकडून यावी तशी अंगाई ऐकू आली. आणि अगदी कानाशी: घर्रर्र... घर्रर्र... फुईऽऽ.

"हे काय आहे?"

"समुद्र असेल."

"समुद्र शेवटी शिट्टी मारतो का रे?"

काकांची बोटं आता आखडत चालली होती. दुसऱ्यांदा मागायचं कुठल्या तोंडाने? उनाने रडतरडत तेच पाठवून दिलं आणि फेलिमशी बोलणं टाकलं.

आठवड्याने नेसाचा फोन आला. तीही रडत होती, इतक्या मोठ्याने की शेजारच्या फेलिमलाही सगळं ऐकू येत होतं.

"उना, अगं, ही जुनी टेप कुठे मिळाली तुला? काकांची अंगाई आहेच, पण बाबा! बाबांचं घोरणं! आपल्याला मांडीवर घेऊन आपल्याआधी तेच झोपायचे, आठवतं? अगदी तेच, शेवटच्या शिट्टीसकट! बाबा जाऊन इतकी वर्षं झाली गं... आणि बाळ तर फिडलने नाही, त्या घोरण्यानेच झोपतं!"

फेलिमची छाती फुगली. या घराण्यात त्याच्या कलेला मिळालेली ही पहिलीच दाद. "नेसा, ते खरं म्हणजे..." म्हणत तो फोनकडे झेपावला. उनाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिचेही डोळे भरून आले होते.

"घरातच होती गं," ती म्हणाली.

"आणि फेलिमने शोधायला काही मदत केली की नाही?"

"छे गं," उना म्हणाली, "तो झोपला होता."