म्हशीच्या गळ्यात नवऱ्याचा आवाज

"आवाजच पायजे ना तिला? मग आवाज इकत आनते! त्यात काय एवढं!"

पुष्पावतीनं हे ओट्यावर उभं राहून अर्ध्या वस्तीला ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं. तसा बेत तिला मुद्दाम करावा लागत नाही. सोनईच्या अलीकडच्या त्या वस्तीवर तिनं चुलीपाशी बसून "मीठ कुठं गेलं?" असं नुसतं विचारलं, तरी शेजारच्या चार घरांतून मिठाचे डबे बाहेर येतात!

प्रश्न होता चंद्रीचा. चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. कपाळावर एक पांढरा ठिपका, आणि सगळा नखरा त्या ठिपक्यात साठवलेला. ती दूध द्यायची ते फक्त कानिफनाथला, म्हणजे पुष्पावतीच्या नवऱ्याला. तो खाली बसून काहीतरी पुटपुटायला लागला की ही पान्हा सोडायची. दुसरं कुणी बसलं की दूध वर चढवून घ्यायची आणि शेपटीचा असा फटकारा द्यायची की माणसाला दोन दिवस आरशात बघवत नसे!

आता कानिफनाथच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. नगरला ऑपरेशन, आणि पुढं पंधरवडाभर तिथंच सावेडीत लेकीकडं, आरतीकडं मुक्काम. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, गोठ्याचं नाव काढायचं नाही! पण तेवढे दिवस धार काढली नाही तर कास दगडासारखी होते, म्हैस कायमची आटते. घरात लेक वाढवावी तशी पुष्पावतीनं ही म्हैस पारडू असल्यापासून वाढवली होती. ती आटली असती, तर आधी कुणाचा तरी जीव घेऊन मग पुष्पावतीनं स्वतः अन्न सोडलं असतं.

"अवो, पर तुमी बोलता तरी काय तिच्यासंगं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. आपलं हुर्र हुर्र."

कानिफनाथ घरात तीनच शब्द वापरायचा. व्हय, न्हाई आणि चहा. आरतीचं लग्नसुद्धा याच तीन शब्दांत ठरलं होतं! आरतीनं फोनवर सुचवलं, "आई, दादा इथून मोबाईलवर बोलतील की चंद्रीशी!" तेव्हा मात्र कानिफनाथनं आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं.

"जावयाच्या घरात बसून म्हशीसंगं बोलू?"

म्हणून आवाज विकत आणायचा ठरला.

सोनईच्या बाजारात हनुमंताचं मोबाईलचं दुकान. पुष्पावती काउंटरवर पिशवी आपटून म्हणाली, "गानी वाजवायचं यंत्र दाव. बोललेलं भरून ठिवता आलं पायजे."

"कुनासाठी मावशी? नातवासाठी?"

"म्हशीसाठी."

हनुमंत जातिवंत दुकानदार. त्याची भुवईसुद्धा हलली नाही. "मग जरा दणकट दावतो," म्हणाला.

पहिलं यंत्र विटेएवढं होतं. आत हजारो भजनं भरलेली. "नको! एवढी भजनं ऐकून म्हैस संन्यास घेईल, दूध कोन दील?" दुसरं काडेपेटीएवढं, कानात घालायच्या दोन वायरींसकट. पुष्पावतीच्या डोळ्यांपुढं चंद्रीचे सुपाएवढे कान आले. "ह्या सुपात हे हरभरे? पुढचं काढ!" तिसरं जीपगाडीच्या आकाराचं. "चाकं कशाला?" "शोभेला, मावशी." "शोभा माझी झालीय तेवढी बास हाय!"

शेवटी पानाच्या डब्यासारखा एक गोल प्लेअर पसंत पडला. हनुमंतानं बटणं समजावली. हिरवं दाबलं की वाजायचं, काळ्यानं आवाज लहानमोठा व्हायचा. "आन् हे लाल रेकॉर्डिंगचं. एकच ध्यानात ठिवा, लाल दाबलं की जुनं पुसून नवं भरायला लागतं."

"मी काय येडी हाय?"

मग त्यानं वरची सजावट काढली. एक रबरी कव्हर, गुलाबी, वर सशाचे दोन लांब कान! "पडला तरी फुटत न्हाई. शेन लागलं तर धुवून टाकायचं. आन् काळ्या म्हशीवर गुलाबी लई खुलतंय!" मग गळ्यात अडकवायला गोंड्याचा पट्टा. मग वर खोचायचा, गरगर फिरून रंग फेकणारा दिवा. "दिवा नको," पुष्पावती म्हणाली. "फुकट हाय." फुकट म्हटल्यावर ती कुठली सोडते! घरी आणून तिनं सगळं एकावर एक चढवलं. सजवल्यावर ते यंत्र लग्नातल्या करवलीसारखं दिसायला लागलं. फक्त कव्हराखाली तिन्ही बटणं दिसेनाशी झाली, एवढंच.

जायच्या आदल्या संध्याकाळी कानिफनाथ ते घेऊन गोठ्यात गेला आणि त्यानं आतून फाटक लावून घेतलं. धार काढून बाहेर आला तेव्हा मान खाली होती.

"ऐकू नको. नुसतं लाव."

"का बरं?"

"म्हशीचं हाय ते."

दुसऱ्या दिवशी तो नगरला गेला. संध्याकाळी पुष्पावतीनं चंद्रीपुढं पेंडीचं आंबोण ठेवलं, यंत्र खुंटीला टांगलं, चरवी गुडघ्यांत धरली आणि हिरवं बटण चाचपून दाबलं.

आधी जिभेचे टकटक आवाज. मग हुर्र, हुर्र. चंद्रीचे कान उभे राहिले. आणि मग तो आवाज आला, साईसारखा मऊ...

"आली का माझी बाय? दमलीस का गं? ऊन लई हुतं आज... पाय दुखत असतील."

पुष्पावतीच्या हातातला सड सुटला.

ही बाय काल दिवसभर लिंबाच्या सावलीत रवंथ करत होती! त्याच उन्हात पुष्पावती पहाटेपासून कांदे काढत होती! ती घरी आली तेव्हा ह्या माणसानं मान वर करून म्हटलं होतं, "चहा."

"आन् मी?" ती यंत्रावर ओरडली. "मी काय थंड हवेला गेल्ते?"

झालं! चंद्रीनं दूध वर चढवलं. कास जिथल्या तिथं आखडली.

पुष्पावतीनं दात आवळले, पुन्हा पहिल्यापासून लावलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. "आली का माझी बाय?" बोळा चावला. "दमलीस का गं?" बोळ्याला भोक पडलं. चरवीत चुर्र चुर्र सुरू झालं होतं, आणि आवाज सांगत होता, "तुझ्यावानी शानं या घरात कोन न्हाई बघ."

बोळा पिचकारीसारखा बाहेर उडाला! "कोन न्हाई? मग आजवर ह्या घराचा गाडा काय ही म्हस वढतीय व्हय वो?"

चंद्रीची लाथ बसली. चरवी लवंडली. दुधाचा ओघळ शेणात गेला.

आता पुष्पावतीच्या रागाला तोंड तर होतं, पण ते उघडायची सोय नव्हती! बोललं की दूध बंद, आणि न बोललं तर आपणच फुटायचं अशी गत. तिनं विचार केला, आवाज म्हशीच्या अगदी कानाशी गेला तर बारीक ठेवता येईल, निदान आपल्याला तरी ऐकू येणार नाही. म्हणून तिनं पट्टा चंद्रीच्या गळ्यात अडकवला आणि आवाज कमी करायला कव्हरावरून अंदाजानं अंगठा दाबला.

तो नेमका उलट्या बाजूला दाबला गेला. वर दिव्याचीही कळ सरकली.

गोठ्याची वरात झाली! लाल, हिरवा, निळा उजेड भिंतींवर गरागरा फिरायला लागला, आणि त्यातून कानिफनाथ गर्जला, "दमलीस का गं, माझी बाय!"

मालकाचा आवाज एवढा मोठा आला, म्हणजे मालक आलाच, अशी चंद्रीची समजूत झाली. तिनं दावं तोडलं आणि त्याला शोधायला निघाली. पण आवाज तिच्याच गळ्यात! ती उजवीकडं वळली की आवाज उजवीकडं, डावीकडं वळली की डावीकडं. वस्तीच्या मधल्या चौकात जाऊन बिचारी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरायला लागली. गुलाबी कान लटलट हलतायत, घराघराच्या भिंतींवर रंग नाचतायत आणि वर चढ्या आवाजात, "पाय दुखत असतील!"

शेजारची छबूबाई आधी बाहेर आली. "अगं पुष्पे, कानिफभाऊ दवाखान्यात गेल्ते ना? मग हे कुनाला बाय म्हनत्यात?"

"म्हशीला!" चरवी हातात घेऊन धावणारी पुष्पावती किंचाळली.

"म्हशीला?" छबूबाईनं गालावर हात ठेवला. "एवढं ग्वाड?"

पलीकडच्या ओट्यावर सविता नवऱ्याकडं वळली. "ऐका! ऐका जरा! लोक म्हशीला तरी इचारत्यात!"

तिचा नवरा रंगनाथ तंबाखू मळत होता. "मी काय केलं?"

"तेच म्हनते मी! काय केलं तुमी आजवर?"

एका घरात भांडण लागलं की वस्तीवर ते बोचऱ्या वाऱ्यासारखं फिरतं. बघता बघता ओट्याओट्यावर नवरे कोपऱ्यात सापडले. पुष्पावतीनं एकदाची चंद्रीच्या गळ्याला मिठी मारली आणि आवाज बंद करायला ती त्या सशाचं डोकं जागोजाग दाबायला लागली. तेवढ्यात यंत्रातला आवाज बदलला. गोठ्यात तिनं कधी एवढ्या पुढचं ऐकूच दिलं नव्हतं स्वतःला.

"आता मी जातोय डोळं करायला. आरतीची आई काढील तुझी धार. तिला लाथ मारू नको, बाय. कांद्यानं मनगट सुजलंय तिचं. कुनाला सांगायची न्हाई ती. तोंडानं तोफ हाय, माझ्या आईनं बी हात टेकलं हुतं तिच्यापुढं..."

सगळी भांडणं थांबली. रंगनाथच्या हातातला चुना वाळला. पुष्पावती गळामिठीत तशीच उभी.

"...पर खरं सांगू का तुला..."

चंद्रीनं मान झटकली. पुष्पावतीचा अंगठा सशाच्या कानामागं रुतला.

टुक!

पुढं काही नाही. शांत.

"आगं, पर काय?" छबूबाई ओट्यावरून खाली उतरली. "लाव की पुढचं!"

ते लाल बटण होतं. त्यानंतर त्या यंत्रानं जे भरून घेतलं ते सगळं पुष्पावतीचं होतं. चौकापासून गोठ्यापर्यंत तिनं हनुमंताला, सशाला, चंद्रीला आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला जे जे ऐकवलं, ते एक अक्षरही न गाळता! जुनं पुसलं गेलं होतं.

तिनं लगेच सावेडीला फोन लावला. "आरते, दादांना दे! ...अवो, पर काय?"

"काय पर?"

"म्हशीला म्हनला ना, पर खरं सांगू का? पुढं काय म्हनला?"

पलीकडं कुकरची शिट्टी. जावयाचा खोकला.

"ते... तू चहा घेतला का?" कानिफनाथ म्हणाला.

पुष्पावतीनं फोन आपटला. मनगट सुजलेलं ह्याला दिसतं, आणि मला न विचारता म्हशीच्या कानात सांगतो? आणि त्यातलं मोलाचं तेवढं मलाच ऐकू येत नाही? रागानं तिचा नुसता तवा झाला! पण चंद्रीची कास ताठली होती आणि घरात आवाज उरला होता तो तिचा स्वतःचा. हात जोडून तिनं हिरवं बटण दाबलं.

"मुडदा बशिवला त्या सशाचा! चल की गं भवाने! आन् तो बसलाय तिकडं लेकीच्या घरी पाय पसरून..."

चंद्रीनं कान हलवले, सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला! घळाघळा! तासाभरापूर्वी हाच आवाज ऐकून लाथ मारणारी ही म्हैस!

"मगाशी तू मधी मधी तोंड घालत हुतीस," मागोमाग गोठ्यात आलेल्या छबूबाईनं खुलासा केला. "कोनी बोलताना मधी बोललेलं म्हशीला बी आवडत न्हाई. आन् ह्या गोठ्याभाईर जल्मापास्नं तुझीच तोफ ऐकलीय तिनं. मायेचा आवाज हाच, असं वाटत असंल बापडीला!"

पुढं काही दिवसांत चंद्रीनं तो प्लेअर कानांसकट चघळून टाकला. मग पुष्पावती जिवंत तोंडानं शिव्या द्यायला लागली. विषय सावेडीतच होता, त्यामुळं टंचाई पडली नाही.

पंधरवडा सरला. कानिफनाथ काळा चष्मा लावून परतला. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर पहिल्या संध्याकाळी मोठ्या हौसेनं गोठ्यात शिरला, फाटक लावलं आणि बसला. हुर्र, हुर्र, माझी बाय. चंद्री दगडी नंदीसारखी उभी. एक थेंब नाही! घामाघूम झाला बिचारा. तेवढ्यात बाहेरून सवयीनं तोफ सुटली, "झाली का लाडीगोडी? का आता पाय बी चेपताय तिचं?" आणि चरवीत धार वाजली.

फाटक हळूच उघडलं. "आरतीचे आई," कानिफनाथ खालच्या आवाजात म्हणाला, "थांबू नको."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तो धार काढतो आणि ती दारात उभी राहून त्याला शिव्या देते. परवा असाच अर्धा उद्धार झाल्यावर तिला पुन्हा आठवलं. "आन् त्या दिवशीचं ते पर खरं काय हुतं, ते अजून तोंडातनं निघंना तुमच्या!"

कानिफनाथचा हात थांबला. त्यानं चष्मा काढला. नव्या, स्वच्छ डोळ्यांनी तो बायकोकडं बराच वेळ बघत राहिला.

"ऐक. सांगतो," तो म्हणाला.

पुष्पावती गप्प झाली. अशी गप्प की पलीकडं छबूबाईनं घाबरून कुंपणावरून डोकं वर काढलं. कानिफनाथनं ओठ उघडले आणि सवयीनं हात सडांकडं नेला. धार नाही. त्यानं चरवीत बघितलं, चंद्रीच्या आखडलेल्या कासेकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"अगं, गप का बसलीस? चढवलं की दूध तिनं! आदी शिव्या दे, मग सांगतो!"

पुष्पावतीनं दिल्या. त्या संध्याकाळी चरवी उतू गेली.